पोकलेनच्या बकेटचा डावा कान पुन:पुन्हा फाटतो: कारण कुठं सापडलं, आणि बकेटमध्ये काय बदललं

मशीन 20 टनी पोकलेन. बकेट 1200 मिलिमीटर रुंद, पाच दातांची. काम इंदूरच्या बायपासपलीकडे, राऊच्या अंगाला, ड्रेनेज लाइनसाठी चर खोदायचं. तक्रार एकच, पण पिच्छा न सोडणारी: बकेटचा डावा कान मुळाशी फाटतो. वेल्डिंग करून पाठवावं, अडीच-तीन आठवडे काम चालावं, की पुन्हा फोन. त्याच जागी, त्याच दिशेनं भेग.

कान म्हणजे बकेटच्या पाठीवरच्या त्या दोन उभ्या जाड प्लेटा. त्यांच्या भोकांतून पिन जाते आणि बकेट आर्मला, म्हणजे मशीनच्या पुढच्या हाताला, अडकते. मशीनची सगळी ताकद दातांपर्यंत पोचते ती या दोन कानांमधूनच. त्यातला नेहमी डावाच का फाटावा, हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तो विचारायला आम्हाला तीन महिने लागले, आणि मशीनमालक काकांचे तेवढे दिवस आणि पैसे वाया गेले. सांवेर रोडला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. माळव्यात अशी मशीनं बरीच चालतात आणि कान फाटला की सगळे आम्ही केलं तेच करतात, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो.

आधी काय काय करून पाहिलं

पहिल्या वेळी सरळ काम केलं. भेग ग्राइंडरनं उघडली, व्ही आकाराची खाच काढली, भरून दिली. दुसऱ्या वेळी वाटलं, भरणं कमी पडलं असेल. वरून 16 मिलिमीटरची चौकोनी पट्टी मारली आणि चारी बाजूंनी वेल्ड केली. भेग पट्टीखाली आली नाही, पट्टीच्या बरोबर कडेला आली. तिसऱ्या वेळी काका लोहामंडीतून हार्डॉक्सचा, म्हणजे झिजेला टिकणाऱ्या कडक प्लेटचा, तुकडा घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, आता हेच लावा. साधं लोखंड या कामाला पुरत नाही." लावलं. तो तीन आठवडेसुद्धा टिकला नाही.

हार्डॉक्स खोटा नव्हता. 400 ब्रिनेलच्या आसपास कडकपणा असलेली ती प्लेट झिजेला उत्तमच, साध्या माइल्ड स्टीलच्या जवळजवळ तिप्पट कडक. पण आमची बकेट कानापाशी झिजत नव्हती, ती थकत होती. लोखंडाची तार वाकवून-वाकवून तोडतो ना, तसं. प्रत्येक खोदाईला कानाच्या मुळाशी ताण येतो आणि जातो. हजारो वेळा आला-गेला की वेल्डच्या काठावरच्या एखाद्या बारीकशा खाचेतून भेग सुरू होते. वेल्ड केलेल्या जोडाच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांना पटत नाही, मलाही बरेच दिवस पटली नव्हती: प्लेट जास्त मजबूत घेतली म्हणून जोडाचं थकव्याचं आयुष्य वाढत नाही. भेग प्लेटच्या ताकदीतून जन्मत नाही, वेल्डच्या काठाच्या आकारातून जन्मते. तो काठ माइल्ड स्टीलवर आणि हार्डॉक्सवर सारखाच असतो.

आयुष्य वाढतं ते ताण कमी केला तर, आणि चांगलंच वाढतं. वेल्डच्या जोडाला साधारण घनाचा हिशेब लागतो. येणारा-जाणारा ताण निम्मा केला की आयुष्य आठपट. उलटंही तितकंच खरं: ताण दुप्पट झाला की आठवा हिस्सा उरतो. आम्ही पट्टी मारून काय केलं? कानाचा एक भाग एकदम ताठ केला. त्याच्या शेजारचा भाग होता तसाच राहिला. दोन्हींच्या सीमेवर, पट्टीच्या आडव्या वेल्डपाशी, सगळं वाकणं गोळा झालं. भेग तिथं यायचीच होती.

दात आधी बघा

तरुणपणी दोन वर्षं मी सिंगरौलीकडच्या एका उघड्या कोळसा खाणीत मेंटेनन्सला होतो. तिथं दोरावर चालणारे मोठे इलेक्ट्रिक शॉव्हेल, एका घासाला 10 घनमीटर उचलणारे. ते आपल्या पोकलेनच्या उलट खोदतात: स्वत:पासून दूर ढकलत, खालून वर. 1839 साली अमेरिकेत विल्यम ओटिसला वाफेच्या शॉव्हेलचं पेटंट मिळालं, त्याचीच ही वंशावळ. दांडा पुढं रेटायचा आणि त्याच वेळी दोरानं वर ओढायचं. आपलं पोकलेन हायड्रॉलिक, आणि ते नाव खरं तर एका फ्रेंच कंपनीचं. लार्सन अँड टुब्रोनं तिची मशीनं आपल्याकडं बनवली आणि नाव सगळ्याच कंपन्यांच्या मशीनांना चिकटलं. जात वेगळी असली तरी त्या शॉव्हेलच्या फोरमननी शिकवलेली एक गोष्ट इथं कामी आली. ते म्हणायचे, भेग नंतर बघ, आधी दात बघ.

चौथ्यांदा बकेट आली तेव्हा वेल्डिंग मशीन चालू करू दिलं नाही. बकेट उलटी टाकली, पाण्याच्या प्रेशरनं चिकटलेली काळी माती धुतली आणि पाच दात डावीकडून उजवीकडं मोजले. डाव्या टोकाचा दात जवळजवळ संपलेला, टोक अंगठ्यासारखं गोल. दुसरा त्याहून बरा. मधला आणि चौथा चांगले. उजव्या टोकाचा दात जवळपास नवा, त्यावरचा कास्टिंगचा खडबडीतपणाही अजून गेलेला नव्हता. पाचही दात एकाच दिवशी बसवलेले.

मग डावी साइड प्लेट पाहिली. बाहेरून आरशासारखी घासलेली, पार मागच्या कोपऱ्यापर्यंत. उजवीवर गंज. कानांच्या आतल्या बाजूला, जिथं आर्मचा बॉस (टोकाचा, पिनेच्या भोकाभोवतीचा जाड भाग) येतो, डावीकडं चाकासारखी गोल घासणी, आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आतच जात नव्हतं. उजवीकडं 6 मिलिमीटरची फट. ही फट दोन्हीकडं मिळून अर्धा ते एक मिलिमीटर असायला हवी, आणि ती शिम (पातळ चकत्या) घालून राखायची असते. आमच्या मशीनवर शिम नावाची चीज उरलीच नव्हती. 80 मिलिमीटरच्या पिनेचं बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) लांबट होऊन एका दिशेनं साडेचौऱ्याऐंशी झालेलं.

एवढ्यावरून गोष्ट साफ होती. भार बकेटच्या मध्यातून येत नव्हता, डाव्या कोपऱ्यातून येत होता. पण का?

ऑपरेटरनं एका वाक्यात सांगितलं

मी साइटवर गेलो. सकाळचे आठ, ऑपरेटर पोहे खाऊन नुकताच चढत होता. झाबुआकडचा, हात अतिशय साफ. वर दोन मीटरभर काळी माती, खाली पिवळट मुरूम आणि त्याखाली आपला माळव्याचा काळा दगड, दख्खनच्या लाव्ह्याचा. चराची रुंदी 1400 मागितलेली. बकेट 1200. म्हणजे पहिला घास पूर्ण रुंदीचा, आणि मग उरलेला 200 मिलिमीटरचा पट्टा दुसऱ्या फेरीत. हा पट्टा तो दर वेळी डाव्या कोपऱ्यानं काढत होता. मी विचारलं, उजव्यानं का नाही काढत?

तो म्हणाला, "साब, बाएँ हाथ का कोना दिखता है. दाएँ का बूम के पीछे छुप जाता है."

मी केबिनमध्ये त्याच्या जागेवर बसून पाहिलं. पोकलेनची केबिन बूमच्या, म्हणजे आर्म ज्याला जोडलेला असतो त्या मोठ्या दांड्याच्या, डाव्या बाजूला असते. चराच्या तळाशी बकेट गेली की डावा दात दिसतो, उजवा बूम आणि आर्मच्या मागं जातो. खाली जुनी पाण्याची लाइन असण्याची भीती, बाजूला चराची कड ढासळण्याची भीती. शहाणा ऑपरेटर दिसतं त्याच कोपऱ्यानं काम करणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पुढं, 200 चा पट्टा मुरमात सरळ निघाला नाही की तो मशीन थोडं फिरवून बकेट बाजूनं दाबत होता. तेव्हा आर्म किंचित पिळताना मला डोळ्यांनी दिसला, आणि पिनेपाशी टक्क असा आवाज आला. दिवसात असे किती टक्क होत असतील.

आता हिशेब. या वर्गाच्या मशीनमध्ये बकेट सिलिंडरचा बोअर साधारण 115 मिलिमीटर आणि दाब 350 किलो प्रति चौरस सेंटिमीटर धरला, तर सिलिंडर जवळपास 36 टनांचा जोर लावतो. लिंकच्या (सिलिंडर आणि बकेट जोडणाऱ्या दांड्यांच्या) भूमितीतून दातांच्या टोकाशी त्यातले सुमारे 14 टन पोचतात. हे 14 टन बकेटच्या मध्यावर लागले तर दोन्ही कान निम्मं-निम्मं वाटून घेतात. पण 1200 च्या बकेटनं कडेचा 200 चा पट्टा खोदला तर भाराचं केंद्र मध्यापासून 500 मिलिमीटर बाजूला जातं. म्हणजे 7 टन-मीटरचा पीळ. कानांमधलं अंतर सव्वातीनशे मिलिमीटर. एवढ्याशा अंतरावर तो पीळ अडवायचा म्हणजे एका कानाला वाट्याच्या भाराखेरीज वीस टनांहून जास्त ओढ आणि दुसऱ्याला तेवढीच उलटी. थोडा वाटा लिंकच्या पिनेकडं जातो, पण बराच कानांच्या मुळाशीच राहतो. त्यात पिन-बुशला साडेचार मिलिमीटरची ढिलाई. मग तो भार हळू येत नाही, हातोड्यासारखा येतो.

यावर कितीही जाड पट्टी मारली तरी कुठं ना कुठं फाटणारच होतं. खरं तर कान फाटत होता हे बरंच. तो टिकला असता तर पुढची पाळी आर्मच्या टोकाची होती, आणि तिथलं काम बकेटच्या कामासारखं शेडमध्ये एका दिवसात होत नाही.

बकेट बदलली, कान नाही

काकांना मी म्हटलं, 1200 ची बकेट काळ्या मातीपुरती ठेवा. मुरूम लागला की 900 ची, चार दातांची लावा. त्यांना आधी पटेना. "लहान बकेटनं माझे घनमीटर कमी होतील," म्हणाले. कागदावर चर काढून दाखवला. 900 च्या बकेटनं पहिला घास पूर्ण, मग 500 चा पट्टा उरतो. त्या पट्ट्यात भाराचं केंद्र मध्यापासून 200 मिलिमीटरवर. पीळ 14 गुणिले 0.2, म्हणजे 2.8 टन-मीटर. आधीच्या 7 च्या अडीचपट कमी. घनाच्या हिशेबानं पिळापुरतं कानाचं आयुष्य पंधरापट. आणि मुरमात 1200 ची बकेट तशीही पूर्ण भरत नव्हती. दात रुतत नव्हते, मशीनचा पुढचा भाग उचलला जात होता. त्यामुळं घनमीटर घटायचे ते आधीच घटलेले होते.

बकेट बाहेरून आणली नाही, शेडमध्येच बनवली. जुनीच्या चुका नव्यात उतरू नयेत म्हणून जुनी आधी नीट मोजली. तिच्यात दोन मोठ्या चुका निघाल्या.

पहिली चूक दोरीनं सापडते. ज्यांच्याकडं लोकल बनावटीची बकेट आहे त्यांनी ही तपासणी आजच करावी, खर्च काही नाही. पिनेच्या मध्याशी पातळ तार बांधा, दाताच्या टोकापर्यंत ताणा, तिथं खूण करा. आता ती खूण तशीच ठेवून तार बकेटच्या तळाखालून मागं फिरवत न्या, कंपास फिरवल्यासारखी. बकेट वळते तेव्हा दाताचं टोक हेच वर्तुळ काढतं. बकेटचा तळ आणि टाच (तळाचा मागचा फुगीर भाग) पूर्णपणे या वर्तुळाच्या आत असायला हवी, आणि मागं जाता-जाता फट वाढत जायला हवी. आमच्या बकेटवर नव्या दाताची त्रिज्या 1480 होती आणि टाचेचा सगळ्यात फुगलेला भाग 1430 वर. नव्या दातांना 50 मिलिमीटरची मोकळीक. पण दात 70 झिजले की त्रिज्या 1410, आणि टाच वर्तुळाच्या बाहेर 20 मिलिमीटर. तिथून पुढं दात खोदत नाही, टाच जमिनीला घासत बकेटला वर उचलते. ऑपरेटरला वाटतं दगड लागला, तो आणखी जोर लावतो. दात अर्ध्याहून जास्त झिजू देणं महाग पडतं ते इथं. दाताचे पैसे वाचतात, पण डिझेल आणि पिन-बुश त्याच्या कितीतरी पट खाऊन जातात.

नव्या बकेटमध्ये तळाची गोलाई बदलून टाच 1360 च्या आत घेतली. त्रिज्या मात्र वाढवली नाही. खोल बकेट करायचा मोह होतो, आत जास्त माल बसतो म्हणून. पण टोकाचा जोर त्रिज्येच्या उलट प्रमाणात जातो. 1480 ला 14 टन असतील तर 1680 ला जेमतेम 12.3. मुरमात तो पावणेदोन टनांचा फरक जाणवतो.

दुसरी चूक बाजूंची. चांगल्या बकेटचं तोंड रुंद आणि पाठ अरुंद असते, म्हणजे साइड कटरनं (तोंडाच्या बाजूंच्या पात्यांनी) कापलेल्या वाटेतून बाकीची बकेट न घासता जाते. जुनीची तोंडाची रुंदी 1200 आणि मागची 1190. कटर झिजल्यावर तोंडही तेवढंच. त्यामुळं सगळी साइड प्लेट चराच्या भिंतीला घासत होती, आणि ओली काळी माती तर भिंत दाबून धरते. ही माती पाणी प्यायली की फुगते, हे माळव्यात घर बांधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. नव्या बकेटचं तोंड 900 आणि पाठ 840 केली, दोन्हीकडून तीस-तीस.

दातांबद्दल थोडं. झिजलेल्या टोकावर हार्डफेसिंगचा, म्हणजे कडक वेल्डचा, जाड गोळा चढवायची पद्धत आपल्याकडं आहे. त्यानं दात टिकतो हे खरं, पण बोथट टिकतो. शेतकरी नांगराचा फाळ लोहाराकडून पाजळून आणतो, त्यावर गोळा चढवून आणत नाही. मुरमासाठी आम्ही निमुळते रॉक टीथ घेतले आणि ठरवलं की दर सोमवारी टोकाचे दात मध्ये आणि मधले टोकाला. कडेचे दात नेहमीच जास्त झिजणार, पण मग झीज चौघांत वाटली जाते आणि नवा संच एकदम घेता येतो. दात काढताना ॲडॉप्टरचं (दात ज्यावर बसतो त्या तुकड्याचं) नाक बघायचं. ते झिजून दात हलायला लागला तर नवा दातही आठवड्यात पिन तोडून पडतो.

कानाचं वेल्डिंग, या वेळी नीट

जुनी बकेटही काळ्या मातीसाठी ठेवायची होती, म्हणून तिचा कान शेवटचा दुरुस्त केला. आमच्या शेडमधले वेल्डर मामा तीस वर्षांचे अनुभवी, तरी हे काम आम्ही दोघांनी मिळून सावकाश केलं.

आधीच्या सगळ्या पट्ट्या गाउजिंगनं (वेल्ड वितळवून खोदून) काढल्या. मग भेग दाखवणारा लाल स्प्रे मारला, दहा मिनिटं थांबून पुसला आणि वर पांढरा मारला. डोळ्यांना 90 मिलिमीटरची दिसणारी भेग पांढऱ्यावर 140 ची उमटली. म्हणजे मागच्या तिन्ही वेळा आम्ही भेगेचं टोक आतच ठेवून वरून वेल्ड केलं होतं. मामा बराच वेळ त्या लाल रेषेकडं बघत बसले. म्हणाले, "एवढे दिवस आपण जखमेवर कापड बांधत होतो."

टोकापलीकडं भोक पाडलं, भेग मुळापर्यंत खोदून काढली, पुन्हा स्प्रेनं खात्री केली. इलेक्ट्रोड 7018 वापरले, पण पाकीट फोडून कोपऱ्यात पडलेले नाहीत. 7018 हवेतली ओल पितो, आणि ती ओल वेल्डमध्ये हायड्रोजन सोडते. जाड प्लेटमध्ये त्यानं दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी भेग जाते. ओव्हनमध्ये 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास भाजून घेतले आणि काम संपेपर्यंत गरम डब्यातच ठेवले. ज्यांच्याकडं ओव्हन नाही त्यांनी निदान सीलबंद पाकीट त्याच दिवशी फोडावं. कान गॅसच्या ज्योतीनं आधी शेकला. दातांचे ॲडॉप्टर कास्टिंगचे, ते दीडशे अंशांच्या आसपास. हार्डॉक्सला मात्र हात आखडता. सव्वादोनशेच्या वर गेला की त्याचा कडकपणा उतरायला लागतो. तापमानाचा खडू सियागंजमध्ये मिळतो, अंदाजावर राहू नये.

वेल्डची सुरुवात आणि शेवट कानाच्या टोकावर येऊ दिला नाही. जिथं ताण सगळ्यात जास्त, तिथंच बहुतेक वेल्डर इलेक्ट्रोड बदलतात, कारण तिथं प्लेट संपते. आम्ही टोकाला वळसा घालून वेल्ड अखंड नेला आणि जोड कमी ताणाच्या सरळ भागात आणला. मग काठाची खाच बारीक ग्राइंडरनं गुळगुळीत केली, ओरखडे ताणाच्या दिशेनं राहतील असे. हे शेवटचं काम अर्ध्या तासाचं आहे आणि सहसा कोणी करत नाही. माझ्या मते सगळ्या वेल्डिंगमध्ये सर्वात जास्त फायदा याच अर्ध्या तासात आहे. मजबुतीची पट्टी लावली ती पिंपळाच्या पानासारखी निमुळती, ताणाला आडवा वेल्ड एकही नाही.

पिना बदलल्या. आधीच्या लोकल पिना साध्या ईएन-8 स्टीलच्या, न पाजलेल्या होत्या. नव्या ईएन-19 च्या, वरून इंडक्शन हार्डनिंग केलेल्या. पृष्ठभाग कडक आणि आतला गाभा चिवट राहायला हवा. पूर्ण आरपार कडक केलेली पिन एका झटक्यात मोडते, आणि मोडताना माणूस जवळ असतो. शिम घालून फट एक मिलिमीटरच्या आत आणली. ग्रीस ओल्या चिखलात रोज, जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत.

काळी माती सुटत नाही, ते

हे लहानसं, पण पिनेच्या जिवाचं. गव्हाला पाणी दिलेल्या शेतांच्या कडेनं चर जात होता तेव्हा माती बकेटमध्ये लाडवासारखी बसायची. ती पाडायला ऑपरेटर बकेट पूर्ण उघडून सिलिंडर शेवटपर्यंत आपटायचा, तीन-तीन वेळा. तो प्रत्येक आपट कानांतून जातो. जुन्या बकेटच्या आत झिजेसाठी आडव्या पट्ट्या मारलेल्या होत्या आणि कोपरे काटकोनी. माती तिथंच धरून बसायची. आतल्या पट्ट्या काढल्या, झीज-पट्ट्या बाहेरून तळाला लावल्या, आणि कोपऱ्यांत पाइपचे पाव तुकडे बसवून गोलाई दिली. आता एका झटक्यात माती सुटते. ऑपरेटरला एवढंच सांगितलं की सिलिंडर टोकाला भिडायच्या जरा आधी थांबव, आणि बाजूनं दाबायची गरज पडली तर मला फोन कर. अजून आला नाही.

900 ची बकेट मार्चमध्ये लावली. आधी दीडशे-पावणेदोनशे तासांत भेग यायची. आता मुरमात साडेसातशे तास झाले आणि परवा स्प्रे मारून पाहिलं, पांढरा पांढराच राहिला. चारही दात जवळपास सारखे झिजताहेत, डावे थोडे जास्त. केबिन डावीकडंच आहे, तेवढं राहणारच.

एक काम बाकी आहे. आर्मच्या टोकाचा बॉस त्या महिन्यांत लांबट झाला आहे. नवं बुश ठोकून बसवलं तरी ते घट्ट राहत नाही, दोन महिन्यांत फिरायला लागतं. तिथं भरून लाइन बोरिंगच (भोक पुन्हा सरळ रेषेत कापणं) करावं लागेल. पावसात चर बंद असतात, म्हणून काकांनी मशीन जुलैत माझ्याकडं आणायचं ठरवलं आहे. खंडेनवमीला पूजेचा हार घालायच्या आत ते कामावर परत गेलेलं हवं.